हत्यार कुठे संपते आणि शस्त्र कुठे सुरू होते?

अमेरिकेतील घरगुती बंदूककाम, मुठीत मावणारे एक यंत्र आणि कायद्यापुढील अवघड प्रश्न

नवी दिल्ली : मराठीत ‘हत्यार’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. सुताराची पटाशी हेही हत्यार आणि सैनिकाची तलवार हेही हत्यार. खंडेनवमीला घराघरांत आणि कारखान्यांत दोहोंची पूजा एकाच पाटावर होते. भाषेने सहज पोटात घेतलेला हा दुहेरी अर्थ अमेरिकेतील न्यायालये, पोलीस यंत्रणा आणि बंदुकीच्या हौशी कारागिरांपुढे मात्र गेल्या काही वर्षांपासून एक बिकट प्रश्न होऊन उभा आहे. घराच्या मागच्या खोलीत कामाच्या टेबलावर पडलेला अर्धवट घडलेला तुकडा आणि शेजारी ठेवलेले, हातात मावणारे विजेवरचे यंत्र, या दोघांची भेट झाली की बंदूक तयार होते. मग कायद्याने नेमके कशाला ‘बंदूक’ म्हणायचे? तुकड्याला, तयार झालेल्या वस्तूला, की त्यामधल्या काही मिनिटांच्या कामाला?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी या प्रश्नाचे एक उत्तर दिले. ते संपूर्ण नाही, अंतिमही नाही. परंतु त्या निमित्ताने घरगुती बंदूककामाची, त्यात वापरल्या जाणाऱ्या साध्या यंत्रांची आणि ती यंत्रे जपून वापरणे म्हणजे नेमके काय याची चर्चा हौशी मंडळींच्या वर्तुळाबाहेर आली आहे. ज्या देशात घरी बंदूक दुरुस्त करणे हा गुन्हा ठरू शकतो, त्या भारतातील वाचकांनीही ही चर्चा समजून घेण्याजोगी आहे.

एका छोट्या यंत्राची मोठी वाटचाल

ज्याला सर्वसाधारणपणे ‘रोटरी टूल’ म्हटले जाते, ते यंत्र दिसायला जाडसर पेनासारखे असते. टोकाशी बारीक पकड असते आणि तीत घासणारा दगड, कापणारी चकती, कोरणारी सुई किंवा चकाकी आणणारा नमदा बसवता येतो. दाताच्या डॉक्टरकडील यंत्राचे हे जणू थोरले भावंड. ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेल्या अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील रसीन येथे कंपनी स्थापन केली आणि अशा यंत्राला घरोघरी पोहोचवले. पुढे १९९३ मध्ये ती कंपनी जर्मनीच्या बॉश समूहाकडे गेली. आज अनेक कंपन्या अशी यंत्रे बनवतात, तरी अमेरिकी बोलीत ‘ड्रेमेल’ हे त्या संपूर्ण प्रकाराचेच नाव होऊन बसले आहे. आपल्याकडे वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणण्याची रीत पडली, तसाच हा प्रकार.

या यंत्राचे सामर्थ्य त्याच्या ताकदीत नसून वेगात आहे. त्याचे टोक मिनिटाला सुमारे ३५,००० फेऱ्यांपर्यंत फिरू शकते. लाकडावरची नक्षी, खेळण्यांची दुरुस्ती, दागिन्यांचे काम, काचेवरचे कोरीव काम अशा असंख्य निरुपद्रवी कामांत ते रोज वापरले जाते. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा घटनेने मान्य केलेला हक्क असल्याने आणि स्वतःची बंदूक स्वतः नीट करण्याची परंपरा जुनी असल्याने, हे यंत्र बंदुकीच्या टेबलावरही पोहोचले, यात नवल नाही. आजोबांच्या शिकारी बंदुकीच्या दस्त्यावरची उखडलेली नक्षी पुन्हा कोरणे, गंजलेल्या स्क्रूची खाच मोकळी करणे, जुन्या धातूवरचा डाग काढून चकाकी आणणे, ही कामे तेथील हौशी माणूस शनिवार-रविवारी करत बसतो.

‘जपून’ या शब्दाचा अर्थ

तेथील व्यावसायिक बंदूक-कारागीर मात्र या यंत्राकडे संशयाने पाहतात. त्यांच्यात एक विनोदही रूढ आहे. दुरुस्तीसाठी आलेल्या बंदुकीचा डबा उघडला की मालकाकडे रोटरी टूल आहे की नाही हे आधीच कळते! विनोदामागचे कारण गंभीर आहे. कानशीने घासताना हाताला धातूचा प्रतिकार जाणवतो. काम हळू चालते आणि चुकीची दिशा वेळीच ध्यानात येते. वेगवान यंत्र ही जाणीवच काढून घेते. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच नको तितका धातू निघून गेलेला असतो. लाकडात भर घालता येते, मातीत थापता येते. घासून गेलेला पोलाद मात्र परत येत नाही.

दुसरा धोका उष्णतेचा. पोलादाला ‘पाणी’ देऊन कठीण केले जाते, हे आपल्याकडच्या लोहाराला सांगावे लागत नाही. विळा असो वा कुऱ्हाड, जास्त तापली की तिचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. बंदुकीतील अनेक भागांना असेच पाणी दिलेले असते. काही भागांत तर कठीण थर केवळ पृष्ठभागापुरता, अगदी पातळ असतो. वेगाने फिरणारा दगड एकाच जागी क्षणभर जास्त टेकला, तरी त्या जागेचा रंग बदलतो आणि कठीणपणा जातो. आतला मऊ धातू उघडा पडला की तो भाग काही दिवसांतच झिजतो. बाहेरून बंदूक चकचकीत दिसत असते. आतून ती बिघडलेली असते.

तिसरा आणि सर्वांत गंभीर धोका चाप आणि घोडा यांना अडवून धरणाऱ्या भागांशी संबंधित आहे. बंदूक हातातून पडली तरी न उडणे किंवा सुरक्षेचा खटका लावलेला असताना चाप दाबला गेला तरी गोळी न सुटणे, ही सारी सुरक्षा धातूच्या दोन बारीक पृष्ठभागांच्या नेमक्या कोनावर अवलंबून असते. चाप ‘थोडा हलका’ करण्याच्या मोहाने तेथे वेगवान यंत्र लावणे म्हणजे त्या सुरक्षेवरच घाव घालणे. म्हणूनच या भागांना वेगवान यंत्र लावू नये, ते काम प्रशिक्षित आणि परवानाधारक कारागिराकडेच द्यावे, हा तेथील जाणत्यांचा एकमुखी सल्ला असतो. नळी आणि गोळी बसण्याची जागा यांनाही हाच नियम लागू होतो, कारण त्या जागी स्फोटाचा पूर्ण दाब झेलला जातो.

यांखेरीज अंगाला होणाऱ्या इजा आहेतच. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरवलेली किंवा तडा गेलेली कापण्याची चकती फुटली, तर तिचे तुकडे सरळ चेहऱ्याकडे येतात. त्यामुळे बाजूनेही डोळे झाकणारा चष्मा हा शोभेचा भाग नव्हे. जुन्या बंदुकीत गोळीबाराच्या अवशेषांबरोबर शिसे साठलेले असते. ते घासले की धूळ होऊन श्वासावाटे शरीरात जाते. घरात लहान मुले असतील, तर ही धूळ कपड्यांवरून त्यांच्यापर्यंत पोहोचते. म्हणून हवा खेळती असणे, नाकातोंडावर योग्य मुखावरण असणे आणि काम झाल्यावर कपडे वेगळे धुणे आवश्यक मानले जाते. सैल बाही, गळ्यातील साखळी, मोकळे केस यांना फिरत्या यंत्राजवळ थारा नसतो. आणि सर्वांत आधीचा नियम असा की कामाला हात लावण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे, हे दोनदा तपासायचे आणि काडतुसे त्या खोलीतही ठेवायची नाहीत.

ही शिस्त एका दिवसात अंगी येत नाही. कोलोरॅडो राज्यातील ट्रिनिडाड येथील महाविद्यालयात १९४७ पासून बंदूककामाचा अभ्यासक्रम चालतो. अशा अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला सुरुवातीचा बराच काळ कानस, मोजमाप आणि हाताची सवय यांवर घालवावा लागतो. यंत्र केव्हा हाती घ्यावे यापेक्षा ते केव्हा खाली ठेवावे, हे कळणे ही त्या विद्येची कसोटी आहे.

दुरुस्तीकडून घडणीकडे

येथवरचा विषय कारागिरीचा आणि स्वतःच्या सुरक्षेचा. तो सार्वजनिक चिंतेचा विषय झाला तो वेगळ्या कारणाने. हौशी हात दुरुस्तीकडून घडणीकडे वळले आणि त्यांच्या भोवती एक बाजारपेठ उभी राहिली.

अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार, व्यवसाय म्हणून बंदुका बनवणाऱ्याला किंवा आयात करणाऱ्याला संघराज्याचा परवाना लागतो आणि प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक कोरावा लागतो. परवानाधारक विक्रेत्याला ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी लागते आणि नोंद ठेवावी लागते. परंतु एखाद्या व्यक्तीने, जिला बंदूक बाळगण्यास मनाई नाही, केवळ स्वतःच्या वापरासाठी बंदूक घडवली, तर संघराज्याचा कायदा सर्वसाधारणपणे तिला परवाना मागत नाही. मर्यादा आहेत. स्वयंचलित बंदूक नव्याने बनवून बाळगण्यास सामान्य नागरिकाला १९८६ पासून बंदी आहे. ठरावीक लांबीहून आखूड नळीच्या रायफली १९३४ च्या कायद्याखाली नोंदवाव्या लागतात. कारखान्याने कोरलेला अनुक्रमांक खोडणे हा गंभीर गुन्हा आहे. तथापि, घरी घडवलेल्या साध्या बंदुकीसाठी दार उघडे राहिले.

या दारातून एक व्यापार आत शिरला. बंदुकीचा जो मुख्य सांगाडा कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ मानला जातो, तो थोडासा अपुरा ठेवून विकला, तर ती बंदूक नव्हे, नुसता धातूचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा आहे, असा दावा विक्रेत्यांनी केला. ग्राहकाने उरलेले काम घरच्या साध्या यंत्रांनी पुरे करायचे. मग अनुक्रमांक नको, पार्श्वभूमीची तपासणी नको, नोंदही नको. सर्व भाग एकाच खोक्यात घालून विकण्यापर्यंत मजल गेली. अशा, क्रमांक नसलेल्या बंदुकांना तेथे ‘भूत बंदुका’ म्हटले जाऊ लागले. भुताला सावली नसते, या बंदुकांना माग नसतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद असलेले आकडे बोलके आहेत. २०१७ मध्ये देशभरातील पोलीस यंत्रणांनी अशा सुमारे १,६०० बंदुका माग काढण्यासाठी केंद्रीय यंत्रणेकडे पाठवल्या होत्या. २०२१ मध्ये हा आकडा १९,००० च्या वर गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथील सॉगस हायस्कूलमध्ये एका १६ वर्षांच्या मुलाने केलेल्या गोळीबारात दोन विद्यार्थी मरण पावले आणि त्याने स्वतःलाही संपवले. त्याने वापरलेले पिस्तूल अशाच सुट्या भागांतून जुळवलेले होते. ज्या वयात त्याला दुकानातून पिस्तूल विकत मिळाले नसते, त्या वयात ते त्याच्या हाती पडले.

ऑम्लेट, टेबल आणि बंदूक

बायडेन प्रशासनाच्या काळात दारू, तंबाखू, बंदुका व स्फोटके विषयक केंद्रीय यंत्रणेने, म्हणजे एटीएफने, २०२२ मध्ये नवा नियम केला. सहज बंदूक होऊ शकणारे संच आणि अपुरे सांगाडे हेही १९६८ च्या कायद्याच्या कक्षेत येतात, अशी त्याची मांडणी होती. तो ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झाला आणि लगेच न्यायालयात आव्हानित झाला. टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि पाचव्या विभागीय अपील न्यायालयानेही मुख्य मुद्द्यांवर त्याच्या विरोधात कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी नियम तूर्त चालू ठेवला आणि ८ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रकरण सुनावणीस घेतले.

त्या सुनावणीत कायद्याचा काथ्याकूट स्वयंपाकघरात जाऊन पोहोचला. ओट्यावर अंडी, चिरलेला कांदा, मिरची आणि मांसाचे तुकडे ठेवले असतील, तर त्याला ऑम्लेट म्हणायचे का, असा प्रश्न न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी विचारला. त्यावर न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी पुस्ती जोडली, की एखाद्या कंपनीने ऑम्लेटचा तयार संच म्हणूनच ते सारे एका खोक्यात विकले असेल, तर उत्तर बदलेल का? प्रश्न हलकाफुलका वाटला तरी संपूर्ण वादाचे मर्म त्यात होते. वस्तूची ओळख तिच्या आजच्या अवस्थेवरून ठरते की तिच्या उघड हेतूवरून?

२६ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी नियम मूळ कायद्याशी सकृद्दर्शनी विसंगत नसल्याचा निर्वाळा दिला. निकालपत्र न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी लिहिले. माणसाने घडवलेल्या वस्तूंची नावे आपण त्या अपुऱ्या असतानाही वापरतो, असे त्यांनी दाखवून दिले. लेखक आपल्या अपूर्ण लेखनाला कादंबरीच म्हणतो आणि सुट्या फळ्यांच्या खोक्यात घरी आणलेले टेबल जोडण्यापूर्वीही टेबलच असते. एका संचाचे उदाहरण त्यांनी तपशिलात घेतले. तो संच पूर्वी कधीही न हाताळलेल्या व्यक्तीने सामान्य अवजारे आणि सर्वांना उपलब्ध असलेल्या चित्रफिती यांच्या साहाय्याने २१ मिनिटांत त्यातून पिस्तूल तयार केले, असे एटीएफच्या चाचणीत आढळले होते. ज्याचे पिस्तूल व्हायला २१ मिनिटे पुरतात, त्याला निव्वळ तुकडा म्हणणे न्यायालयाला पटले नाही.

निकालाच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. प्रत्येक संच आणि प्रत्येक अपुरा सांगाडा बंदूक ठरतो, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. ज्याला घडवायला पुष्कळ वेळ, कौशल्य आणि यंत्रसामग्री लागेल, अशी वस्तू कक्षेबाहेर राहू शकते. रेघ नेमकी कुठे, हे पुढच्या खटल्यांवर सोडले आहे. शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्काचा प्रश्नही या प्रकरणात निर्णयाला आला नाही. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस आणि अलिटो यांनी असहमती नोंदवली. कायद्याने ज्याला बंदूक म्हटलेले नाही त्याला यंत्रणेने बंदूक ठरवणे म्हणजे कायदेमंडळाचे काम आपल्या हाती घेणे होय, ही थॉमस यांची मुख्य हरकत होती. दरम्यान, ७ फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी बंदूकविषयक नियमांच्या फेरआढाव्याचा आदेश काढला. त्यामुळे न्यायालयात टिकलेला नियम प्रशासनाच्या टेबलावर तसाच टिकेल, असे गृहीत धरता येत नाही.

क्रमांकाचे मोल

यंत्र जपून वापरण्याच्या चर्चेत अनुक्रमांकाचा मुद्दा गौण वाटू शकतो. प्रत्यक्षात तोच मध्यवर्ती आहे. अमेरिकेत बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही नाही. १९८६ च्या कायद्याने ती ठेवण्यासच मनाई केली आहे. गुन्ह्याच्या जागी बंदूक सापडली, की तिच्यावरील क्रमांक पश्चिम व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील केंद्राकडे जातो. तेथील कर्मचारी उत्पादकाला विचारतात, उत्पादक घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, तो दुकानदाराचे आणि दुकानदार आपल्या कागदपत्रांतून पहिल्या खरेदीदाराचे. साखळी लांब आणि कष्टाची आहे. पण तिचे पहिले टोक म्हणजे तो क्रमांक. तोच नसेल, तर तपास पहिल्या पायरीवरच थांबतो.

येथे त्या छोट्या यंत्राची दोन रूपे समोरासमोर येतात. गुन्हेगार याच यंत्राने क्रमांक घासून टाकतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लाच्या साहाय्याने असा क्रमांक अनेकदा पुन्हा उमटवता येतो, कारण अक्षर ठोकताना खालचा धातूही दाबला गेलेला असतो आणि वरचा थर गेला तरी ती खूण आत राहते. दुसरीकडे, प्रामाणिक कारागीर याच प्रकारच्या यंत्राने क्रमांक कोरू शकतो. अमेरिकी नियमांनुसार असा क्रमांक किमान ०.००३ इंच खोल आणि किमान एक सोळांश इंच उंच असावा लागतो. खोली म्हणाल तर साधारण केसाच्या जाडीइतकी. तेवढ्या खोलीवर एका गुन्ह्याचा छडा लागणे न लागणे अवलंबून असते. कॅलिफोर्नियासह डझनाहून अधिक राज्यांनी आपापल्या कायद्यांद्वारे घरगुती बंदुकांवर क्रमांक बंधनकारक केला आहे किंवा क्रमांक नसलेल्या भागांवर निर्बंध घातले आहेत. त्यामुळे एका राज्यात रविवारचा छंद असलेले काम सीमा ओलांडताच गुन्हा ठरू शकते.

हौशी कारागिरांची बाजूही ऐकून घ्यावी लागते. त्यांचे म्हणणे असे, की अमेरिकेत गुन्ह्यांत वापरल्या जाणाऱ्या बहुसंख्य बंदुका कारखान्यात बनलेल्या, क्रमांक असलेल्या असतात. घरी बंदूक घडवणारा माणूस बहुधा वेळ, पैसा आणि निष्ठा ओतणारा छांदिष्ट असतो आणि मूठभरांच्या गुन्ह्यांसाठी शतकांची परंपरा संशयित ठरवणे अन्यायाचे आहे. यात तथ्य आहे. पण याच युक्तिवादात त्याचे उत्तरही दडलेले आहे. जो खरा कारागीर असतो, त्याला २१ मिनिटांच्या संचाची गरज नसते. संचाचा बाजार कौशल्य नसलेल्या आणि आपली नोंद होऊ नये असे वाटणाऱ्या ग्राहकावरच अधिक अवलंबून असतो. क्रमांक कोरण्याचे बंधन कारागिराच्या कलेला धक्का लावत नाही. चित्रकार चित्राखाली सही करतो, तसाच तो प्रकार आहे.

भारतातील चित्र वेगळे, प्रश्न तोच

भारतीय कायद्यात अमेरिकेसारखे उघडे दार नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणे, विकणे, त्यात बदल करणे, त्याची चाचणी घेणे आणि दुरुस्ती करणे, या साऱ्यांना मनाई आहे. कलम ६ नुसार नळी आखूड करण्यास किंवा नकली बंदुकीचे खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करण्यासही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीसारख्या गुन्ह्यांची शिक्षा तीन ते सात वर्षांवरून किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी वाढवली. म्हणजे बंदूक बाळगण्याचा रीतसर परवाना असलेल्या शेतकऱ्यानेही आपल्या बंदुकीत घरी यंत्राने फेरफार केला, तर तो मूळ परवान्याच्या आड लपू शकत नाही. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि तिच्यावर काम करण्याचा परवाना वेगळा. दुरुस्तीसाठी परवानाधारक दुरुस्तीकाराकडे जाणे हाच सुरक्षित आणि कायदेशीर मार्ग आहे.

तरीही देशात बेकायदा बंदुका घडतात आणि त्या छंदापोटी नव्हे, तर पोटासाठी घडतात. बिहारमधील मुंगेर हे त्याचे ठळक उदाहरण. अठराव्या शतकात बंगालचा नवाब मीर कासिम याने राजधानी मुर्शिदाबादहून तेथे हलवली आणि शस्त्रशाळा उभारली. त्या कारागिरीचा वारसा पुढे परवानाधारक कारखान्यांनी चालवला. परवानाधारक उद्योगाला उतरती कळा लागली, तसतसे काही हात बेकायदा कामाकडे वळले. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचे नाव म्हणजे मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातले उमर्टी. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून असलेल्या या सीमाभागातून येणाऱ्या गावठी पिस्तुलांचा उल्लेख महाराष्ट्र पोलिसांच्या कारवायांत वारंवार येतो.

येथे एका समाजाचा उल्लेख सावधपणे करायला हवा. धातूला धार आणि चकाकी देणे हा शिकलगारांचा पिढीजात व्यवसाय. महाराष्ट्रातही ‘शिकलगार’ हे आडनाव सर्वत्र आढळते आणि त्यामागे सुरी-कात्रीला धार लावण्याचा प्रामाणिक धंदा उभा आहे. शीख परंपरेत तर या कारागिरांना शस्त्रे घडवणारे म्हणून मानाचे स्थान होते. काही गावांतील बेकायदा धंद्यामुळे संपूर्ण समाजावर शिक्का मारणे चुकीचे आहे. तितकेच चुकीचे आहे ते केवळ छापे टाकून प्रश्न सुटेल असे मानणे. ज्या हाताला लोखंडाची भाषा कळते, त्याला सुटे भाग, शेती अवजारे किंवा संरक्षण सामग्रीच्या उद्योगात रीतसर काम मिळाले नाही, तर छाप्यानंतर भट्टी पुन्हा पेटते. यंत्र जप्त करता येते, कौशल्य जप्त करता येत नाही.

कडक कायदा असला की धोका संपतो, असेही नाही. बंदुकीवरील निर्बंधांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जपानमध्ये ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंजो आबे यांची हत्या घरी बनवलेल्या बंदुकीने झाली. कायद्याचा उपयोग अशा घटना विरळ करण्यासाठी असतो. त्या अशक्य करणे त्याच्या हाती नसते.

परदेशातील मराठी कुटुंबांसाठी

या विषयाचा एक धागा थेट मराठी घरांपर्यंत येतो. शिक्षण किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेली हजारो मराठी मुले तात्पुरत्या व्हिसावर राहतात. बंदूक हा तेथे सर्वांचाच हक्क आहे, असा समज त्यांच्यात सहज रुजतो. वस्तुस्थिती अशी की अस्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला, म्हणजे बहुतेक विद्यार्थी आणि एच-वन-बी कर्मचाऱ्यांना, बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. अशा व्यक्तीने घरी बंदूक जुळवली, तर ‘स्वतःच्या वापरासाठी’ ही सवलत तिला उपयोगी पडत नाही, कारण ती मुळात बाळगण्यास पात्र व्यक्तीसाठीच आहे. सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये शनिवारी चाललेले काम कौतुकाने पाहता पाहता हाताळण्यापर्यंत गेले, तर त्याची किंमत व्हिसा आणि पुढची सारी कारकीर्द असू शकते. भारतात परतताना सामानात राहून गेलेले एखादे काडतूससुद्धा विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायला पुरते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

जबाबदारी कोणाची?

वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर बंदी घालावी, असे कोणीही गंभीरपणे म्हणत नाही. सोनाराच्या पेढीत, दंतवैद्याच्या दवाखान्यात, मूर्तिकाराच्या कार्यशाळेत ते रोज लागते. म्हणूनच कायद्याला यंत्राऐवजी त्या वस्तूकडे पाहावे लागते, जी यंत्राखाली ठेवलेली आहे. अमेरिकी न्यायालयाने नेमके हेच केले. हातातील अवजाराला हात न लावता, अवजाराखालच्या तुकड्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली.

आता कसोटी त्या निकालानंतरच्या अंमलबजावणीची आहे. प्रशासनाने नियम सैल केला, तर राज्याराज्यांतील कायद्यांची गोधडी उरेल आणि एका राज्यातील पळवाट शेजारच्या राज्यातील गुन्ह्याला वाट देईल. नियम टिकला, तर विक्रेते रेघेच्या थोडे पलीकडे जाऊन आणखी अपुरा तुकडा विकण्याचा प्रयत्न करतील आणि न्यायालयांना पुन्हा मिनिटे मोजावी लागतील. त्रिमितीय छपाईची यंत्रे जसजशी स्वस्त होत आहेत, तसतसा हा प्रश्न ‘किती अपुरे’ यावरून ‘कोणत्या कच्च्या मालापासून’ इथवर सरकणार आहे.

तोवर जुना, साधा नियमच उपयोगी आहे. काळजी म्हणजे केवळ डोळ्यांवर चष्मा आणि हातात स्थिरता नव्हे. आपण घडवत असलेली वस्तू उद्या कोणाच्या हाती जाईल आणि गेली तर तिचा माग लागेल का, हा विचारही काळजीचाच भाग आहे. पहिली काळजी कारागिराची बोटे वाचवते, दुसरी अनोळखी माणसाचा जीव. खंडेनवमीच्या पाटावर पटाशी आणि तलवार शेजारी मांडणाऱ्या परंपरेनेही दोहोंची पूजा सांगितली आहे. दोहोंतला फरक विसरायला सांगितलेले नाही.